लहान घरात अभ्यासाला जागा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. कोणी डॉक्टर असतात, कोणी वकील, कोणी प्राध्यापक. यंदा संस्थेने एका सुताराला बोलावले, याबद्दल मी चालकांचे आभार मानतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा शिल्प निदेशक म्हणून माझे आयुष्य गेले. रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या हीच माझी विद्या. तेव्हा मी बोलणार तेही फर्निचरवरच. शिक्षण संस्थेच्या समारंभात पलंग-कपाटाच्या गोष्टी कशाला, असे काहींना वाटेल. परंतु मुलाच्या शिक्षणाचा आणि घरातल्या पलंग-कपाटाचा संबंध फार जवळचा आहे असे माझे मत आहे. तो कसा, हे आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. विद्यार्थी मित्रांनो, वही-पेन्सिल असेल तर काढा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी राहण्याची मुख्य खोली दहा फूट बाय बारा फूट असते. म्हणजे १२० चौरस फूट. आता त्या खोलीत काय काय आहे ते मांडू. सहा बाय पाचचा डबल पलंग ३० चौरस फूट. लोखंडी कपाट साडेचार. एकावर एक ठेवलेल्या पेट्या सहा. तीन जणांचा सोफा पंधरा. त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या साडेबारा. मधला टीपॉय पाच. फ्रिज चार. बेरीज किती झाली? ७७. उरले ४३ चौरस फूट. त्यातही दार उघडायला जागा लागते आणि आत-बाहेर जाण्याची वाट सोडावी लागते. आता मला सांगा, या घरातला दहावीचा मुलगा किंवा मुलगी वही उघडून कोठे बसणार?

हा प्रश्न काही एकट्या भंडारा जिल्ह्याचा नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. सरकारी घरकुलेही मोठी नसतात. इंदिरा आवास योजनेतील घर २० चौरस मीटरचे असे. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना आली तेव्हा ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरले. ते झाले सुमारे २७० चौरस फूट, आणि तेही स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे मोठे घर होईल तेव्हा मुले शिकतील, असे म्हणत बसलो तर मुलांचे शिकण्याचे वय निघून जाईल. आहे त्या घरातच जागा काढली पाहिजे.

ती कशी काढावी हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. दस्तरखानाचेच घ्या. एक कापड अंथरले की दहा माणसांची जेवणाची खोली तयार झाली, आणि झटकून घडी घातली की ती खोली नाहीशी झाली. जानमाज अंथरला की त्याच जागेत नमाज, उचलला की तीच जागा पुन्हा बसण्या-उठण्याला मोकळी. आपल्या खेड्यांतली सुतळीची बाज सकाळ झाली की भिंतीशी उभी केली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात विल्यम मर्फी नावाच्या गृहस्थाने भिंतीत उभा करता येईल असा पलंग बनवला. तो जगभर मर्फी बेड म्हणून गाजला. युक्ती मात्र आपल्या बाजेचीच. स्वयंपाकघरातली उतरंड पाहा. एका मडक्याच्या जागेत पाच-सहा मडकी उभी राहतात. आपल्या भंडाऱ्याची ख्याती पितळेच्या भांड्यांसाठी, आणि ती भांडीही घरात एकात एक घालूनच ठेवली जातात.

या सगळ्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती रेहल. कुराण शरीफ ठेवण्याची ही घडीची पाटी प्रत्येक घरात आहे, पण ती नीट निरखून कोणी पाहिली आहे काय? घरी गेल्यावर अवश्य पाहा. चांगली रेहल एकाच फळीतून काढलेली असते. कारागीर फळीची जाडी वरच्या बाजूने चिरत मध्यापर्यंत आणतो, तशीच खालच्या बाजूनेही चिरतो. मध्ये दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशी बोटे कोरून ठेवतो. खिळा नाही, सरस नाही, लोखंडी बिजागरी नाही. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की पुन्हा फळी होऊन भिंतीशी टेकते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इ. स. १३६० सालची, नक्षीकाम केलेली अशी एक लाकडी रेहल जतन करून ठेवलेली आहे. म्हणजे घडीचे फर्निचर ही काही आजच्या दुकानदारांनी काढलेली नवी गोष्ट नव्हे. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने ती पूर्णत्वाला नेली होती.

मग आपल्या घरांत अडगळ कोठून आली? येथे थोडे कटू बोलावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी. बरीचशी अडगळ लग्नाच्या टेम्पोतून आली. मुलीच्या बापाने कर्ज काढून पलंग, सोफा, ड्रेसिंग टेबल, कपाट असा संपूर्ण सेट द्यायचा, मोहल्ल्याने तो मोजायचा, आणि नवरा-नवरीने तो दहा बाय बाराच्या खोलीत कसाबसा कोंबायचा. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ साली झाला. इसराफ म्हणजे उधळपट्टी आपल्या दीनने मना केलेली आहे. तरी हा प्रकार चालूच आहे. पुढे त्या घरात मुले होतात, ती शाळेत जातात, आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या सोफ्यापायी त्यांना पाटी-पुस्तक घेऊन चुलीजवळ बसावे लागते. पाहुणे महिन्यातून दोनदा येतात, अभ्यास रोज असतो. जागा कोणाला द्यायची, हे पालकांनी ठरवावे.

कमी जागेत पुष्कळ कामे कशी बसवावीत याचा धडा आपण सर्वांनी एका ठिकाणी घेतलेला आहे, फक्त तो धडा आहे हे आपल्या लक्षात आलेले नाही. भंडारा रोड स्टेशनवर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून आपण मुंबईला जातो. शयनयान डब्याच्या एका कप्प्यात आठ माणसांच्या झोपण्याची सोय असते. दिवसा जी आपली पाठ टेकण्याची गादी, तीच रात्री साखळीवर उचलली की मधला बर्थ होते. बाजूच्या खिडकीजवळ समोरासमोरच्या दोन बैठका, त्या जोडल्या की एक बर्थ. हे सर्व लोखंड, फळी आणि बिजागरी यांवर चालते आणि रोज हजारो लोक ते उघडमिट करतात.

याच रेल्वेतून परदेशातील एका बाईंनीही धडा घेतला होता. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की हे त्यांचे नाव. त्या वास्तुशिल्पी होत्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. फ्रँकफर्ट शहर कामगारांसाठी लहान घरे बांधत होते. १९२६ साली या बाईंनी त्या घरांसाठी सुमारे साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकघराचा त्यांनी अभ्यास केला. बाईला काम करताना किती पावले टाकावी लागतात याची मोजदाद केली. इस्त्रीची फळीसुद्धा भिंतीला लावून घडीची केली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. सांगायचा मुद्दा हा की गरिबाच्या लहान घराचा विचार करणे हे कमी दर्जाचे काम आहे असे त्या विद्वान बाईंना वाटले नाही.

रेल्वेची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मधला बर्थ केव्हा उघडायचा याचा नियम आहे: रात्री दहा ते सकाळी सहा. हा नियम नसता तर बर्थ कितीही चांगला असून उपयोग नव्हता, रोज भांडणे झाली असती. घरातही तसेच आहे. एका वस्तूकडून दोन कामे घ्यायची असतील तर त्या दोन कामांच्या वेळा वेगळ्या असल्या पाहिजेत. जेवणाच्या मेजावर अभ्यास होऊ शकतो, कारण जेवण अर्ध्या तासात आटोपते. परंतु ज्या पलंगावर आजी रात्री आठ वाजता आडवी होते, त्याच पलंगाला अभ्यासाचे मेज जोडाल तर एक तर आजीची झोप जाईल, नाही तर नातवाचा अभ्यास. म्हणून सुताराला बोलावण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून दिवसाचे वेळापत्रक कागदावर मांडावे. कोण केव्हा झोपते, केव्हा जेवण होते, केव्हा शिलाई चालते, केव्हा अभ्यास. लाकडाचे माप त्यानंतर घ्यावे.

दुसरा नियम असा की जी घडीची वस्तू उघडायला वेळ लागतो ती लवकरच कायमची उघडी किंवा कायमची मिटलेली राहते. उघडमिट लहान मुलाला एकट्याने, अर्ध्या मिनिटात करता आली पाहिजे. बाजारात काही वस्तू दिसतात, सोफ्याचा पलंग होतो, पलंगाचे टेबल होते, टेबलाची शिडी होते. पाहायला मौज वाटते. पण ज्यात चार खटके आणि आठ स्क्रू आहेत ती वस्तू वर्षभरात ढिली पडते. एका वस्तूला दोन कामे, फार तर तीन. त्याहून अधिकाचा लोभ धरू नये.

आता प्रत्यक्ष दोन वस्तू सांगतो. मापे लिहून घ्यावीत.

पहिली वस्तू म्हणजे पेटीचा दिवाण. लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट, पेटीची खोली एक फूट. खाली तीन इंचांचे पाय द्यावेत, म्हणजे झाडू फिरतो आणि ओल लागत नाही. वर कापसाची पातळ गादी टाकली की बसण्याची उंची सतरा-अठरा इंच होते, जी खुर्चीची असते. यात १८ घनफूट सामान मावते. तीन बाय दोन बाय दीड फुटाच्या एका लोखंडी पेटीत मावते ९ घनफूट. म्हणजे एका दिवाणात दोन पेट्या गेल्या. शिवाय दिवसा तोच सोफा, रात्री तोच बिछाना. आपल्या हिशेबातील पेट्यांची जागा, सोफ्याची जागा आणि खुर्च्यांची जागा मिळून साडेतेहतीस चौरस फूट सुटले आणि दिवाणाने घेतले फक्त अठरा.

दिवाणाचे झाकण एकसंध करू नये, तीन भागांत करावे. नाही तर एक रजई काढायला सगळी गादी उचलावी लागते. रोज लागणाऱ्या वस्तू त्यात ठेवू नयेत. बाजूला हवेसाठी छिद्रे अवश्य ठेवावीत, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पेटीतल्या कपड्यांना वास लागतो. त्या छिद्रांचे दुसरेही कारण आहे. लहान मुले लपाछपी खेळताना पेटीत शिरतात. म्हणून आपोआप बंद होणारी कडी लावू नये आणि झाकणाला टेकू द्यावा, म्हणजे ते बोटांवर पडत नाही.

दुसरी वस्तू माझ्या आवडीची. ती एकाच वेळी कपाट, मेज आणि फळा आहे. तीन फूट रुंद, दोन फूट उंच आणि फक्त सहा इंच खोल असे एक उथळ कपाट करावे. त्याचा तळ जमिनीपासून २८ इंचांवर यावा. त्याला एकच दार, आणि त्या दाराच्या बिजागऱ्या, ज्यांना आपल्याकडे कब्जे म्हणतात, त्या बाजूला न लावता खालच्या कडेला लावाव्यात. दार वरून खाली उघडते आणि आडवे झाले की तेच मेज होते. आतल्या फळ्यांवर पुस्तके, वह्या, कंपासपेटी. दाराच्या बाहेरच्या अंगाला काळा रंग द्यावा, म्हणजे मिटलेल्या अवस्थेत तो फळा होतो आणि धाकट्यांना त्यावर पाढे लिहिता येतात. मिटले की भिंतीपासून सहा-सात इंच पुढे येते, बस्स. उघडले की सहा चौरस फुटांचे मेज मिळते, जे मोठ्या मुलालाही पुरते. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर हेच कपाट खाली आणावे आणि मेजाची उंची अकरा-बारा इंच ठेवावी. कपाट अशा भिंतीला लावावे की उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड येईल, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

दार आडवे राहण्यासाठी दोन्ही बाजूंना साखळ्या लावतात. पण केवळ साखळीवर विसंबू नये. मेजाच्या पुढच्या कडेला खालून घडीचा एक पाय द्यावा आणि भार जमिनीवर उतरवावा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या फजितीतून सांगतो. मी शिकाऊ असताना अशी पहिली फळी माझ्याच घरी बसवली होती. भिंत मातीची. मी तिच्यात लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर फळी टांगली. उन्हाळाभर ती छान राहिली, मला फार अभिमान वाटला. श्रावणात भिंत ओली झाली आणि एका रात्री खुंट्या, फळी, कंदील आणि शाईची दौत असे सगळे माझ्या मांडीवर आले. खुंट्यांच्या जागी भिंतीला दोन भगदाडे पडली. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की भिंत मातीची असेल तर तिच्यावर काही टांगू नका. जमिनीपासून वरच्या आड्यापर्यंत दोन खांब उभे करा आणि कपाट त्यांना जोडा. विटांची भिंत असली तरी गिलाव्यात नव्हे, विटेत चार इंची स्क्रू बसले पाहिजेत.

लाकडाविषयी थोडे. सागवान उत्तम खरे, पण महाग. बीज्याचे लाकूड टिकाऊ असते, मात्र ओले झाल्यास त्याचा पिवळसर डाग कपड्यांना लागतो. आंब्याच्या फळ्या स्वस्त, पण त्यांना भुंगा लवकर लागतो. प्लायवूड घ्यायचे असेल तर त्यावर भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. ३०३ हे साधारण घरगुती कामासाठी, ७१० हे पाण्यात टिकणारे मरीन प्लाय. आठ बाय चारचा एक तक्ता घेतला तर वरच्या कपाटाचे दार, बाजू आणि फळ्या त्यातच निघतात, फक्त कापण्यापूर्वी सगळे तुकडे कागदावर आखून घ्यावेत. लाकूड पावसाळ्यात फुगते, म्हणून दाराला सगळीकडून एक सुताची फट ठेवावी. जुना पलंग मोडायचा असेल तर त्याचे लाकूड विकू नका. वाळलेले जुने लाकूड नव्या ओल्या लाकडापेक्षा केव्हाही चांगले.

येथपर्यंत सुतारकाम झाले. आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो.

माझे बालपण तुमसरला गेले. अब्बा शिंपीकाम करीत. एकच खोली आणि त्यात अब्बांची पायमशीन. तिचे डोके खाली वळवून वर झाकण टाकले की सपाट मेज व्हायचे. घरात लिहिण्याजोगी तेवढी एकच जागा होती. रात्री मशीन थांबली की त्या झाकणावर कंदील ठेवून अभ्यास करायचा. १९६८ साली मी सहावीत होतो आणि माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणत असू, सातवीत. ती माझ्यापेक्षा हुशार होती. माझी गणिते तीच तपासून द्यायची. पण जागा एक आणि शिकणारे दोघे. घरात कोणी तसा ठराव केला नाही, कोणी तिला रागावलेही नाही. मुलगा आहे, त्याला बसू द्या, एवढेच अम्मी म्हणायची. आपा उंबऱ्याजवळ गुडघ्यावर वही ठेवून लिहायची. मग स्वयंपाकाला हाक आली की उठायची. सातवीनंतर तिने शाळा सोडली. पुढे काय शिकायचे आहे, असे लोक म्हणाले, आणि तीही तेच म्हणाली.

मी सुतार झाल्यावर पुष्कळ वर्षांनी मला उमजले की त्या मशीनच्या झाकणाला दीड फुटाची एक फळी कब्ज्यावर जोडली असती तर तेथे दोघे बसलो असतो. दोन कब्जे आणि एक फळी. आपाची शाळा केवळ तेवढ्यासाठी सुटली असे मी म्हणणार नाही, कारणे आणखीही होती. पण तिच्यासाठी घरात जागा नाही हे तिला रोज रात्री दिसत होते, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीचा मनावर परिणाम होतोच.

१९९१ साली आपाची मुलगी दहावीला बसणार होती. मी आपाच्या घरी गेलो, खोलीचे माप घेतले आणि आता सांगितले तसे कपाट-मेज बसवून दिले. आपाने ते उघडून पाहिले, मिटून पाहिले, पुन्हा उघडले. नंतर म्हणाली, "भाई, हे माझ्या वेळेला का नाही सुचलं रे तुला?" तिने हसतच विचारले होते. मला मात्र उत्तर देता आले नाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, हे जुने झाले असे समजू नका. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि घरातच वर्ग भरू लागले तेव्हा काय दिसले? मोबाईल एक, आणि बसायला कोपराही नाही. कोणी जिन्यावर बसले, कोणी बाजेवर पालथे पडून लिहीत होते. आणि जेथे एकच कोपरा होता तेथे तो कोणाला मिळाला असेल हे आपण आपल्या मनाला विचारावे. म्हणून माझी विनंती अशी की घरात शिकणारी मुले जितकी, तितक्या जागा करा. जागा दोन फूट बाय दीड फूट असली तरी चालेल, पण ती ठरलेली असावी आणि त्या वेळेत तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसावा. मुलीच्या जागेवर तर मुळीच नसावा. आणि लग्नात काही द्यायचेच मन असेल, तर सोफासेटचे पैसे मुलीच्या शिक्षणात आधीच घाला.

शेवटी विद्यार्थ्यांना दोन शब्द. सुतारकाम म्हणजे न शिकलेल्याचे काम अशी समजूत आपल्या समाजात आहे. वास्तविक हजरत नूह यांनी नौका बांधली, आणि हजरत जकरिया सुतार होते असे हदीसमध्ये आले आहे. ज्या कामाची पैगंबरांना लाज वाटली नाही त्याची आपल्याला का वाटावी? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तेथे कुसू आणि खाचेचा सांधा नीट जमू लागला की हाताला काम कमी पडत नाही.

ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी वाट आणखी लांब जाते. वस्तूची आखणी करणे, म्हणजे डिझाइन, ही आज स्वतंत्र विद्या आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मनापासून वाखाणणी केली होती. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तेथे फर्निचरचा वेगळा अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या आयआयटीतही डिझाइनची पदवी मिळते. त्यासाठीची यूसीड ही प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, विज्ञानच पाहिजे असे नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत वास्तुशास्त्र शिकता येते. या ठिकाणी मोठ्या घरांतून आलेली मुले असतातच. पण दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे कशी राहतात हे ज्याने स्वतः पाहिले आहे, असा विद्यार्थी तेथे गेला तर तो लहान घरांचा प्रश्न अधिक चांगला सोडवील असा माझा विश्वास आहे.

आज घरी गेल्यावर एवढे करा. टेप घेऊन आपल्या खोलीचे माप घ्या. कागदावर एका फुटाला एक सेंटिमीटर धरून नकाशा काढा. घरातल्या प्रत्येक वस्तूचा तुकडा त्याच मापाने कापून त्यावर मांडा आणि सरकवून पाहा. शाळेत शिकलेली भूमिती येथे कामी येते. अभ्यासाची जागा सापडली की तो नकाशा अब्बांना आणि अम्मीला दाखवा. कपाट करताना मापात काही अडचण आली तर मला विचारायला संकोच करू नका. संस्थेने परवानगी दिली तर सुट्टीच्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात बसून मी स्वतः हे काम शिकवीन. मुलींनीही यावे. रंधा मारायला मुलगाच पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही.